शून्य बाइटची फाइल : पेठेतल्या एका छापखान्याचं प्रकरण

अनंत चतुर्दशी झाली की पुण्यातल्या छापखान्यांचं खरं वर्ष सुरू होतं. दिवाळी अंकांचे फर्मे, ऐन वेळी आलेल्या जाहिराती, मुखपृष्ठाचा चौथा बदल. त्याच दिवसांत नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांचा फोन आला. वडिलांचे जुने मित्र, म्हणून मी त्यांना काका म्हणते. "अगं, सर्व्हर रोज दुपारी झोपतो. आणि परवा लाइट गेली तर जॉब नंबरच गायब. दोन्हीवर एकच काहीतरी औषध दे."

औषध एक नव्हतं. आधी मलाही ते एकच वाटलं होतं, आणि त्या चुकीपायी एक आठवडा गेला.

यंत्रणा

सर्व्हर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला एक डबा. 64 जीबी रॅम, 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क मिरर केलेल्या, त्यावर लिनक्स आणि ईएक्सटी4 फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था. गरजेपेक्षा रॅम बरीच जास्त. काकांच्या पुतण्याला ती स्वस्तात मिळाली, म्हणून भरली. ही रॅम पुढे गोष्टीत येणार आहे.

प्लेटच्या फाइली बाहेरच्या स्टुडिओतून तयार होऊन पोर्टेबल एसएसडीवर येतात. फाइल केवढी असते? 30 बाय 40 इंचांची प्लेट, इंचाला 2400 ठिपके. म्हणजे 72,000 गुणिले 96,000, सुमारे 691 कोटी ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला तर एका रंगाची, न दाबलेली फाइल 864 एमबीची होते. चार रंगांचा संच साडेतीन जीबीच्या आसपास. असे सहा संच एका झटक्यात सर्व्हरवर चढवायचे, आणि तिथून सीटीपी (कंप्युटर-टू-प्लेट) मशीन ते वाचून छपाईची प्लेट काढणार.

याच सर्व्हरवर पुतण्याने पायथनमध्ये लिहिलेला जॉब कार्डाचा, म्हणजे छपाईच्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायचा प्रोग्रॅम चालतो. शेवटचा जॉब नंबर आणि उघड्या कार्डांची यादी एका छोट्या फाइलीत राहते. जेमतेम तीन-चार केबी. गंमत अशी की 20 जीबीच्या फाइलींना कधी धक्का लागला नाही. गेली ती ही तीन केबीची.

दुपारची झोप

पहिल्या दिवशी पी-वन पी-टूच्या हिशेबात गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून पोचले, तेव्हा सहा संच चढवायचं काम सुरूच होतं. मी मेमइन्फो या लिनक्सच्या रॅमच्या हिशेबातली 'डर्टी' ही ओळ दर सेकंदाला दिसेल अशी लावून बसले. आकडा पळत सुटला. एक जीबी, तीन, सहा. कॉपीचा वेग सेकंदाला 400 एमबी दिसत होता. हार्ड डिस्कच्या अंगात तेवढं बळ नसतंच. आकडा नऊ जीबीच्या पुढे गेला आणि कॉपी अडखळली. पाठोपाठ जॉब कार्डाचा पडदा थिजला, सीटीपीवरचा पोरगा ओरडला, आणि थोड्या वेळाने कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत 'ब्लॉक्ड फॉर मोर दॅन 120 सेकंद्स' ही ओळ उमटली. कर्नलचा एक पहारेकरी असतो. कुठलाही टास्क डिस्कची वाट बघत इतका वेळ हललाच नाही तर तो बोंब मारतो.

काकांना समजावताना पंगतीचं उदाहरण कामाला आलं. प्रोग्रॅमने फाइलीत काही लिहिलं की कर्नल ते डिस्कवर नेत नाही. रॅममधल्या 4 केबीच्या पानावर उतरवून घेतो, त्या पानावर 'डर्टी' अशी खूण करतो आणि प्रोग्रॅमला सांगतो, झालं लिहून. आपण त्याला खरकटं पान म्हणू. जेवण झालं, पण पान अजून उचललेलं नाही. उचलल्याशिवाय ती जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. वाढपी वेगळे आणि पानं उचलणारे वेगळे. उचलणाऱ्यांना कर्नलमध्ये फ्लशर म्हणतात. पूर्वी 'पीडीफ्लश' नावाची एकच टोळी सगळ्या डिस्कांचं काम बघायची. 2009 च्या शेवटी आलेल्या 2.6.32 आवृत्तीपासून प्रत्येक डिस्कला आपापला फ्लशर मिळाला.

फ्लशर दर पाच सेकंदांनी जागा होतो आणि तीस सेकंदांहून जुनी खरकटी पानं उचलतो. तेवढ्यात खरकट्या पानांचा वाटा दहा टक्क्यांपुढे गेला तर पानाचं वय न बघता उचलायला लागतो. वीस टक्के ही शेवटची हद्द. टक्के मोजायचे ते एकूण रॅमचे नव्हेत. मोकळी रॅम आणि सहज मोकळी करता येणारी फाइलींची पानं, यांच्या बेरजेचे. या डब्यात ती बेरीज 60 जीबीच्या आसपास होती. म्हणजे खालची रेघ सहा जीबीवर, वरची बारावर. लिहिणाऱ्याला आवरायला कर्नल दोन्हींच्या मधोमध, नऊ जीबीपासून सुरुवात करतो. पडद्यावर जे दिसलं ते तंतोतंत हेच.

आवरायची पद्धतही बदललेली आहे. पूर्वी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच पानं उचलायला जुंपायचे. 2012 च्या जानेवारीत आलेल्या 3.2 पासून त्याला नुसतं थोडं थोडं झोपवतात, एका वेळी जास्तीत जास्त 200 मिलिसेकंद. डिस्कच्या वेगाशी त्याचा वेग जुळेपर्यंत हे चालतं.

मग एकट्या कॉपीवाल्यालाच झोपवायचं ना, बाकीच्यांना शिक्षा का? कारण तुंबलेलं नऊ जीबी ज्या डिस्कवर उतरायचं, त्याच डिस्कवरून सीटीपी वाचत होतं आणि तिथेच जॉब कार्डाचंही लिहिणं होतं. हार्ड डिस्क एकटीने सरळ लिहिताना सेकंदाला 100 एमबी द्यायची. मध्ये वाचन आलं की डोकं इकडून तिकडे पळायचं आणि वेग चाळिसावर यायचा. चाळिसाने नऊ जीबी उपसायचे म्हणजे पावणेचार मिनिटं. त्यात ईएक्सटी4 ची जर्नल, म्हणजे फाइलींबद्दलच्या बदलांची नोंदवही. दर पाच सेकंदांनी तिची वही मिटायची असते, आणि मिटण्याआधी, त्या पाच सेकंदांत ज्या नव्या जागा वाटल्या त्यांतला मजकूर डिस्कवर पोचलेला असावा लागतो. वही मिटत नाही तोवर तीन केबीवाल्यानेही रांगेत उभं राहायचं.

रॅम कमी असती तर हा तुंबारा एवढा झालाच नसता. टक्केवारीचे हे नियम ठरले तेव्हाच्या मशीनवर दहा टक्के म्हणजे किरकोळ रक्कम होती. 64 जीबीवर तेच दहा टक्के सावकारी होतात.

पहिला उपाय, आणि माझी चूक

उपाय सोपा होता. 2009 मध्येच कर्नलला टक्क्यांऐवजी थेट बाइटमध्ये हद्द सांगायची सोय झाली आहे. बाइट दिले की टक्क्यांचा आकडा आपोआप शून्य होतो, दोन्हींपैकी एकच चालतं. खालची रेघ 200 एमबी, वरची 600 एमबी ठेवली. डिस्क रडतखडत चालली तरी तुंबारा पंधरा सेकंदांच्या पुढे जाणार नाही, असा हिशेब.

त्याहूनही खाली का नेलं नाही? कर्नल लिहिणं टाळतो ते आळसाने नव्हे. एकच पान दहादा बदललं तर डिस्कवर एकदाच जातं. तात्पुरती फाइल तयार होऊन लगेच पुसली गेली तर तिचं डिस्कवर जाणंच वाचतं. आणि थोडं थांबलं की शेजारशेजारच्या जागा मिळून एक मोठं सलग लिखाण होतं. हार्ड डिस्कला हेच आवडतं. ही उसंत काढून घेतली तर डिस्क दिवसभर उड्या मारत बसेल.

दुसऱ्या दिवशी सीटीपीवरच्या पोराने तक्रार केली. "ताई, तुम्ही सर्व्हर स्लो करून ठेवला. आधी चारशेने जायचं, आता नव्वद!" त्याला घड्याळ लावून दाखवलं की सहा संच पोचायला आधी लागायची तेवढीच मिनिटं आत्ताही लागतात. आधीचे चारशे म्हणजे रॅमचा वेग. शिवाय 'कॉपी झाली' असं दिसायचं तेव्हा मागे नऊ जीबी उतरायचे बाकी असायचे. त्याला पटलं नसावं. पण जॉब कार्डाचा पडदा थिजायचा थांबला, त्यामुळे तो गप्प बसला.

आता माझी चूक. दुसरी तक्रार जॉब नंबर गायब होण्याची. मी गृहीत धरलं की फ्लशर तीस सेकंद थांबतो त्यातच ती फाइल जाते. म्हणून पानाचं वय तीसवरून पाच सेकंदांवर आणलं, फ्लशरला दर सेकंदाला उठवायला लावलं, आणि काकांना ऐटीत सांगितलं, "आता गेलंच तर पाच-सहा सेकंदांचं काम जाईल. एखादा नंबर पुन्हा टाकायचा, झालं."

पुढच्याच गुरुवारी लाइट गेली. आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची तर वार गुरुवार, त्यामुळे सगळ्यांची मनाची तयारी असतेच. सर्व्हर परत चालू झाला तेव्हा एक नंबर हरवलेला नव्हता, पूर्ण फाइल रिकामी होती. शून्य बाइट. पाच सेकंदांचं काम जाणं वेगळं, आणि सहा महिन्यांची यादी जाणं वेगळं. यादी रात्रीच्या बॅकअपमधून आणली. मधल्या काळातली कार्डं काकांनी कागदी वहीवरून स्वतः बसून भरली, आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रिकामी का?

पुतण्या ठाम होता. "ताई, मी फ्लश करतोय ना! कोड बघा." कोडमध्ये फ्लश होतंच. पण पायथनचं फ्लश म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या झोळीतलं कर्नलच्या हातात देणं. तिथून पुढे मजकूर पान होऊन रॅममध्ये पडून राहतो. डिस्कवर पोचवून मगच परत ये, असं सांगणारी हाक वेगळी आहे, एफसिंक. ती कोडमध्ये कुठेच नव्हती.

एवढ्याने जुना नंबर सापडण्याचं कारण कळतं. फाइल रिकामी होण्याचं कळत नाही. त्यासाठी कोड पुन्हा वाचावा लागला. प्रोग्रॅम सकाळी फाइल उघडायचा आणि रात्रीपर्यंत बंदच करायचा नाही. दर सेव्हला फाइलीच्या सुरुवातीला जायचं, लांबी कापून शून्य करायची आणि सगळी यादी नव्याने लिहायची. कर्नलच्या नजरेतून या दोन वेगळ्या घटना आहेत. लांबी कापणं ही फाइलीबद्दलची नोंद, ती जर्नलच्या वहीत पाच सेकंदांच्या आत चढते. नवा मजकूर मात्र खरकट्या पानावर. ईएक्सटी4 तर त्या मजकुराला डिस्कवर जागाही लगेच देत नाही. फ्लशर पान उचलायला येतो तेव्हा देते. म्हणजे मधले काही सेकंद डिस्कच्या दृष्टीने सत्य एवढंच असतं, की फाइल कापली गेली. त्या क्षणी वीज गेली तर परत आल्यावर फाइल इमाने इतबारे शून्य बाइटची मिळते. फाइलसिस्टिम तपासून बघितली तर तिच्यात काडीचा दोष नाही.

हे दुखणं जुनं आहे. 2009 मध्ये ईएक्सटी4 नवी असताना अनेकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली अशाच रिकाम्या झाल्या होत्या. तिचे मुख्य कर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमने एफसिंक करायलाच हवं. तरीही लोकांची सवय ओळखून त्यांनी एक पळवाट ठेवली. लांबी कापून पुन्हा लिहिलेली फाइल बंद करताच तिच्या मजकुराला जागा देऊन टाकायची, म्हणजे पुढची वही मिटण्याआधी तो डिस्कवर जातो. फाइल बंद करताच, हे महत्त्वाचं. पुतण्याचा प्रोग्रॅम ती दिवसभर बंदच करत नव्हता, म्हणून पळवाट असूनही उपयोग शून्य.

तरीही एक गोष्ट मला खात होती. मधली फट आता पाच-सहा सेकंदांवर आली होती. कार्ड सेव्ह होतं दहा-पंधरा मिनिटांनी एकदा. दोन्ही वेळा वीज नेमकी त्या फटीतच कशी गेली? मी पत्रिका बघत नाही, त्यामुळे उत्तर शोधणं भाग होतं.

उत्तर यूपीएसमध्ये निघालं. त्याची बॅटरी म्हातारी. लाइट गेली की तो शिट्टी मारायचा आणि जेमतेम चार सेकंद तग धरायचा. शिट्टी ऐकली की काउंटरवरच्या मावशी काय करणार? शहाण्या माणसाने करावं तेच. पटकन सेव्ह दाबायच्या. म्हणजे लांबी कापली जायची वीज जाण्याच्या दोन-तीन सेकंद आधी, मुहूर्त काढून दर वेळी. वही मिटली तर फाइल रिकामी, मिटली नाही तर जुनी यादी शाबूत. दर पाच सेकंदांनी वही मिटते तेव्हा हा छापा-काटाच म्हणायचा. मावशींनी काहीच केलं नसतं तर फाइल वाचली असती. त्यांना हे सांगितलं नाही.

दुसरा उपाय

पुतण्या आणि मी चहा घेत बसून प्रोग्रॅममधल्या मोजून नऊ ओळी बदलल्या. जुन्या फाइलीला हात लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहायची. फ्लश, मग एफसिंक. ते सुखरूप परतलं की तात्पुरत्या फाइलीला खऱ्या फाइलीचं नाव द्यायचं. हे नाव बदलणं अर्धवट होत नाही. वीज कधीही गेली तरी त्या नावाखाली एकतर सगळी जुनी यादी सापडते नाहीतर सगळी नवी. शेवटी फोल्डरवरही एकदा एफसिंक, कारण नाव ही फोल्डरमधली नोंद आहे. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. मीही पूर्वी विसरले आहे.

आणि 'जतन झालं' हे शब्द पडद्यावर या सगळ्यानंतरच आणायचे. आधी ते फ्लशनंतर येत होते.

एका ओळीवरून वाद झाला. पुतण्याने सवयीने एफसिंकभोवती, चूक आली तर दुर्लक्ष करा, असं कुंपण घातलं होतं. ते काढायला लावलं. डिस्कने लिहायला नकार दिला हे सांगायची कर्नलला मिळणारी संधी म्हणजे एफसिंकचं उत्तर. आणि ती एकदाच मिळते असंच धरून चालावं. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना हे भलत्या रीतीने उमगलं. ती मंडळी अयशस्वी एफसिंक पुन्हा करून बघत, दुसऱ्यांदा यश मिळे आणि ते निश्चिंत होत. पण लिनक्स पहिल्या अपयशानंतरच त्या पानांवरची खूण पुसून टाकत होता. दुसऱ्या वेळी उचलायला खरकटं पानच नसे, म्हणून यश. 2019 च्या फेब्रुवारीतल्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ स्वतःला बंद करतो आणि स्वतःच्या लॉगवरून पुन्हा उभा राहतो. आमच्या प्रोग्रॅमने तेवढं नाटक करायची गरज नाही. मोठ्या लाल अक्षरांत 'कागदी वहीत लिहा' असं दाखवलं तरी पुरतं.

इथे पहिला उपाय परत कामाला आला. एफसिंकला वही मिटेपर्यंत थांबावं लागतं, आणि वही मोठ्या कॉपीमागे अडकते. मुद्दाम जुन्या टक्केवारीवर परत नेऊन मोजलं, तर सहा संच चढत असताना तीन केबीच्या सेव्हला एकदा अकरा सेकंद लागले. अकरा सेकंद कुणी थांबत नाही, मावशी पुन्हा पुन्हा बटण दाबतील. बाइटच्या हद्दीवर तेच सेव्ह बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदात आणि वाईटात वाईट दोन सेकंदांत परतलं. फ्लशरचं वय आणि उठायची वेळ मात्र मी पुन्हा मूळच्या तीस आणि पाच सेकंदांवर नेली. फाइल वाचवण्याशी त्या आकड्यांचा संबंध नव्हता.

चाचणी

डिस्कच्या पोटातही एक छोटी कॅश, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, असते, आणि एफसिंकच्या शेवटी कर्नल डिस्कला ती रिकामी करायचा हुकूम सोडतो. डिस्कने तो पाळला की नुसतंच 'हो' म्हटलं, हे कागदावरून कळत नाही. म्हणून रविवारी सकाळी छापखाना बंद असताना मी आणि पुतण्या प्लग उपटायला बसलो. प्लेटच्या फाइलींची आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवली, हे सांगायला नको. दुसऱ्या लॅपटॉपवरून एक स्क्रिप्ट सर्व्हरला सतत नवे नंबर सेव्ह करायला लावत होती आणि 'जतन झालं' आलेला प्रत्येक नंबर स्वतःकडे टिपून ठेवत होती. मागे मोठी कॉपी चालू. मध्येच प्लग ओढायचा, सर्व्हर चालू करायचा, दोन्हीकडचे नंबर ताडून बघायचे.

आधी जुना कोड, दहा वेळा. सहा वेळा फाइल रिकामी. मग नवा कोड, तीस वेळा. काकांनी मध्ये साबुदाणा खिचडी पाठवली, उपास नसताना. तिसांत रिकामी फाइल एकदाही नाही, अर्धवट यादी एकदाही नाही. दोनदा सर्व्हरवरचा नंबर स्क्रिप्टने शेवटी पाठवलेल्या नंबरापेक्षा एकाने मागे होता. लॅपटॉपवरची टिपणं पाहिली. त्या दोन्ही नंबरांपुढे 'जतन झालं' आलेलं नव्हतं.

यूपीएसची बॅटरी काकांनी दसऱ्याला बदलली.